चव बघ जरा

"हालू नका," हौसाक्का म्हणाली. "पोतं हालत न्हाई, तुम्ही कशाला हालताय?"

मी फॅक्टरीच्या काट्यावर उभा होतो. माझ्या आधी काजू बियांचं पोतं चढून उतरलं होतं, माझ्यानंतर दुसरं चढणार होतं. बी फोडायला बसलेल्या बायकांनी हात थांबवले होते. दर शनिवारी आमच्या फॅक्टरीत काम थोडा वेळ बंद व्हायचं आणि सगळ्या जणी मालकाच्या पोराचं वजन बघायच्या. आमच्या गावात करमणुकीची साधनं कमी आहेत.

"किती?" आतल्या खोलीतून अप्पांनी विचारलं.

"एकशे एक," हौसाक्का ओरडली.

"पोत्यासकट?"

"पोतं मगाच उतरवलंय की, मालक."

मग अप्पा म्हणाले, "बरं."

फॅक्टरी म्हणजे आजऱ्याच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला एक पत्र्याची शेड, एक बॉयलर आणि दहा-बारा बायका. बी वाफवायची, फोडायची, गर वाळवायचा, सोलायचा, आकारानं वेगळा करायचा. सगळ्यात मोठ्या काजूला धंद्यात एकशे ऐंशी नंबर म्हणतात. बायका मलाही तेच म्हणायच्या. पाळण्यात माझं नाव सुकुमार ठेवलं होतं. पाळण्यात ते शोभलंही असेल.

काट्यावर माझं वजन करायचं कारण असं, की पुण्याच्या दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी बजावलं होतं, दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करायचं. गावात मेडिकलवाल्याकडे काटा आहे, पण तो ओळखीच्या माणसाला दोन किलो सूट देतो. आमच्या काट्याला सरकारी शिक्का होता. त्यामुळे मी आणि काजू एकाच काट्यावर.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि मला वजन कमी करायचं होतं, कारण माझ्या लिव्हरचा मोठा तुकडा अप्पांना बसवायचा होता.

अप्पांचं लिव्हर गेलं होतं. आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस. गावात कुणाचा विश्वास बसेना. मामा तर दवाखान्यात येऊन अप्पांच्या कानाशी म्हणाले, "दाजी, आता तरी सांगा, कुठं बसत होता? मी कुणाला सांगत न्हाई." डॉक्टरांनी त्यांना समजावलं, की दारू न पिताही लिव्हर जातं. पोट सुटतं, साखर वाढते, लिव्हरमध्ये चरबी साठते आणि वर्षानुवर्षं ते मुकाट्यानं कडक होत जातं. मामांचा चेहरा पडला. एवढं होऊन मजा काहीच नाही, हे त्यांना पटेना.

माझ्या बहिणीचा रक्तगट जुळत नव्हता. आईला डायबेटिस. राहिलो मी. माझा रक्तगट जुळला, पण तपासणीत माझंही लिव्हर चरबीनं पांढरं निघालं. सर्जन म्हणाले, "हे लिव्हर असं घेता येणार नाही. तू बापाच्याच रस्त्यावर आहेस, फक्त तीस वर्षं मागे. वजन पंच्याऐंशीच्या आसपास आण. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. चरबी उतरली असेल तर ऑपरेशन, नाहीतर नाही."

"नाहीतर काय?" आईने विचारलं.

सर्जननी कागदावर लिव्हरचं चित्र काढलं आणि मधोमध एक रेघ ओढली. अप्पांनी चष्मा लावून ते नीट बघितलं.

"म्हणजे पाकळी पाडणार," अप्पा म्हणाले.

"काय?"

"काजू मधून फुटला की त्याला आमच्यात पाकळी म्हणतात. पाकळी पडली की भाव उतरतो, डॉक्टर."

"ह्याचा उतरत नाही," सर्जन म्हणाले. "मुलाचं उरलेलं लिव्हर काही महिन्यांत परत वाढतं. तुम्हाला दिलेलंही वाढतं."

अप्पांनी मान डोलावली. पण ती गिऱ्हाईक खोटं बोलतंय हे कळल्यावर डोलवायची मान होती. मला ती ओळखता यायला हवी होती.

तिथून आम्हाला आहाराच्या दातार मॅडमकडे पाठवलं. मॅडम इतक्या बारीक होत्या, की अप्पांचा त्यांच्यावर बसल्या बसल्या विश्वास उडाला. त्यांनी मला सकाळपासूनचं खाणं विचारलं आणि मी सांगत गेलो. दुपारच्या चहापर्यंत आल्यावर त्यांनी हात वर केला.

"चहाबरोबर वडे? रोज?"

"रविवारी भजी असतात."

"ते बंद. त्याऐवजी मूठभर काजू, बदाम, शेंगदाणे, घरात असेल ते. भाजलेले, बिनमिठाचे."

आईने आधी अप्पांकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"मॅडम, वजन कमी करायचंय त्याचं."

"हो ना. काजूने माणूस फुगतो असं सगळ्यांना वाटतं. पण रोज मूठभर खाणारे लोक न खाणाऱ्यांपेक्षा जाड असतात असं अभ्यासांत काही दिसत नाही. चावायला वेळ लागतो, पोट भरलेलं राहतं, मग माणूस पुढचं कमी खातो. त्यातलं सगळं तेल अंगी लागतही नाही, थोडं तसंच बाहेर पडतं. एकच अट आहे. कशाच्या तरी ऐवजी खायचे. भरपेट जेवून वर खाल्ले तर वाढणारच."

"मूठ कुणाची?" मी विचारलं.

मॅडमनी माझ्या हाताकडे बघितलं. "माझी," त्या म्हणाल्या.

परतताना गाडीत, कागल मागे पडल्यावर अप्पा म्हणाले, "खुळी हाय ती बाई."

"शिकलेली हाय," आई म्हणाली.

"शिकलेली खुळी हाय. मी चाळीस वर्षं काय बघतोय? पोरगी बघायला पाहुणे यायचे म्हटलं की महिनाभर आधी आपल्याकडनं काजूकणी जाते. बाळंतिणीला जाते. तालमीत जाते. त्या तुकाराम खवऱ्याची पोरगी, वारं आलं की दाराला धरून उभी राहायची. महिनाभर खाल्ली. लग्नात नवऱ्याला हार घालायला हात पुढं येईना तिचा."

"मग ह्याला एक पण द्यायचा न्हाई," आई म्हणाली.

अप्पा खिडकीतून बाहेर बघत राहिले. "डॉक्टरीण म्हणतीय तर द्यायला पायजे की," ते म्हणाले.

त्या दिवसांत मला काही वाटत नव्हतं. दात काढायच्या आधी हिरडीत सुई टोचतात आणि मग अर्धं तोंड दुसऱ्याचं असल्यासारखं होतं, तसा मी सगळाच झालो होतो. लोक विचारायचे, "कसं वाटतंय रे?" मी म्हणायचो, "बरं." ते म्हणायचे, "धीराचा हाय." मी धीराचा वगैरे नव्हतो. भीती, दुःख वगैरे माल माझ्यापर्यंत पोहोचतच नव्हता, एवढंच. सकाळी मी रामतीर्थाकडे चालत जायचो आणि परत यायचो. दुपारी भाकरी, भाजी, ताक. चार वाजता आई स्टीलच्या वाटीत तिच्या मुठीनं काजू मोजून द्यायची आणि शेवटचा चावून होईपर्यंत समोर उभी राहायची.

आणि मग फॅक्टरीत अप्पा.

अप्पांनी त्या काळात अंगमेहनत सोडली होती. पाय सुजायचे, डोळे पिवळे झाले होते. सोललेल्या गराच्या ट्रेपाशी खुर्ची टाकून ते बसून राहायचे. मी आत आलो की म्हणायचे, "सुक्या, इकडं ये. ह्या लॉटची चव बघ जरा."

मी चव बघायचो.

"एकानं काय कळतंय? मूठभर घे."

मी मूठभर घ्यायचो. माझी मूठ.

"कसा हाय?"

"चांगला."

"खवट न्हाई ना? परत बघ."

पूर्वी अप्पा लॉटची चव स्वतः बघायचे, ट्रेमागे एक दाणा. त्यांच्या आजारात हे काम माझ्याकडे आलं यात नवल नव्हतं. नवल होतं ते कामाच्या व्याप्तीचं. सकाळच्या लॉटची चव, दुपारच्या लॉटची चव, सकाळच्या लॉटची दुपारी बदलली का ती चव. निघताना माझ्या शर्टाच्या खिशात ते एक मूठ ओतायचे. "वाटेत बघ," म्हणायचे. माझ्या माहितीत महाराष्ट्रात त्या वर्षी आमच्याइतका तपासून कुणाचाच माल बाजारात गेला नसेल.

दुपारच्या डब्याला हौसाक्का काजूची उसळ आणायला लागली.

"हे काय?" मी विचारलं.

"मालकांनी सांगितलंय. वैनींना सांगू नका म्हणालेत."

"का?"

"मला काय ठावं? मी बी सोलती. माणसं सोलत न्हाई."

मला वाटलं होतं, मला कारण माहीत आहे. डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं, की या आजारात रक्तातली घाण डोक्यात चढते, माणूस विसरतो, तेच तेच बोलतो, तेच तेच करतो. म्हणजे अप्पा मला चव बघायला सांगतात आणि सांगितल्याचं विसरतात. मी हे आईला बोललो नाही. तिच्याकडे काळजीचा साठा भरपूर होता. आणि पिवळ्या हातानं बाप मूठ पुढे करतो तेव्हा, "अप्पा, मघाशीच दिलेत," असं मला म्हणता येत नव्हतं. मी खात होतो.

पण झालं असं, की काजूंनी पोट इतकं भरलेलं असायचं, की रात्री मी ताटावर बसायचो आणि घनसाळ भाताचा वास घेऊनच उठायचो. उसळीच्या दिवशी भाकरी नको व्हायची. स्टँडवरच्या वड्यांच्या गाडीसमोरून मी असा जायचो, की गाडीवाल्याने एकदा मला थांबवून विचारलं, "काय चुकलं का माझं?" आईला वाटलं, मी कुणाच्या तरी प्रेमात पडलोय. तिने बहिणीला फोन करून विचारलं, "तुला काय बोललाय का? जात कुठली हाय?"

"अठ्ठ्याण्णव," हौसाक्का एका शनिवारी ओरडली.

"पंच्याण्णव," त्याच्यानंतरच्या एका शनिवारी.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. आतून अप्पा म्हणाले, "काट्याखाली खडा बसलाय काय बघा."

खडा नव्हता. अप्पा भिंतीला धरून धरून स्वतः बाहेर आले. वाकता येत नव्हतं, म्हणून हौसाक्काला वाकायला लावलं. मग मला उतरवून परत चढवलं. मग चपला काढून. मग ते स्वतः काट्यावर चढले. त्यांच्या पोटात पाणी साठत होतं, ते दवाखान्यात जाऊन काढावं लागायचं, आणि परत साठायचं. मी जेवढा कमी झालो होतो, अंदाजे तेवढेच ते वाढले होते.

"म्हणजे घरातलं एकूण वजन तेवढंच हाय," मी म्हणालो.

बायका हसल्या. अप्पा हसले नाहीत. सहसा माझ्या असल्या बोलण्याला घरात तेच एकटे हसायचे.

सोमवारी गडहिंग्लजहून काटा दुरुस्त करणारा आला. अप्पांनीच बोलावला होता. त्याने पेटीतली लोखंडी वजनं एकावर एक मांडली. काटा तंतोतंत.

"परत लावा," अप्पा म्हणाले.

त्याने परत लावली. तंतोतंत.

"मालक, किती चुकतोय असं वाटतंय तुम्हाला?"

"दहाएक किलो."

"कुठल्या मालाला?"

अप्पांनी माझ्याकडे बोट केलं. दुरुस्तीवाला माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. "ह्याच्यात काय खराबी दिसत न्हाई," तो म्हणाला आणि पेटी बंद करून गेला.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा एकशे ऐंशी नंबरचा माल मला घालायला लागले. तो निर्यातीला जाणारा माल. लहानपणी त्यातला एक उचलला म्हणून मी मार खाल्ला होता. आता ते स्वतः निवडून निवडून माझ्या तळहातावर ठेवत होते आणि मी खाताना माझ्या तोंडाकडे बघत होते. "खा, बाळा," म्हणायचे. ते मला बाळा म्हणत नसत. मला वाटलं, डोक्यात फारच चढलंय.

तीन महिन्यांनी पुण्याच्या काट्यावर मी शहाऐंशी भरलो. स्कॅन झाला. सर्जननी पडद्यावर बघत शीळ घालायला ओठांचा चंबू केला आणि आम्ही पेशंट आहोत हे आठवून सरळ केला. "स्वच्छ," ते म्हणाले. "उत्तम लिव्हर. आता समितीची मुलाखत झाली की ऑपरेशनची तारीख."

आईने पदर डोळ्यांना लावला. अप्पा भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

बाहेर दातार मॅडम भेटल्या. माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "मूठभर काजू खाल्लेस ना?"

"थोडे जास्त."

"किती?"

"लॉट."

त्यांना ते कळलं नाही. आईलाही नाही. अप्पांना कळलं. ते जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले.

जिवंत माणसाचा अवयव घ्यायचा तर आधी एक समिती दोघांना विचारून घेते, की कुणी कुणावर जबरदस्ती करत नाही ना. त्याचं चित्रीकरणही होतं. खोलीत तिघे होते. मधे करड्या केसांच्या एक बाई, उजवीकडे शर्टाची बटणं ताणलेले एक जाड गृहस्थ आणि डावीकडे एक तरुण डॉक्टर, जो कॅमेऱ्याकडे बघायचं टाळत होता. आईला बाहेर बाकावर बसवलं.

बाईंनी आधी मला विचारलं. "तू हे स्वखुशीनं करतोयस?"

"हो."

"कुणाचा दबाव?"

"नाही."

"भीती वाटतेय?"

"नाही."

"थोडी तरी?"

"मला काहीच वाटत नाही," मी म्हणालो.

त्यांनी पेन थांबवलं, मला नीट बघितलं आणि मग काहीतरी लिहिलं. नंतर त्या अप्पांकडे वळल्या.

"तुमचा मुलगा तुम्हाला लिव्हरचा भाग देतोय. तुम्हाला हे मान्य आहे?"

"न्हाई," अप्पा म्हणाले.

तरुण डॉक्टरने पहिल्यांदाच कॅमेऱ्याकडे बघितलं.

"म्हणजे? काका, प्रश्न कळला का?" बाईंनी विचारलं.

"कळला. मी घेणार न्हाई. मी ह्याला तीन महिने काजू चारले. सकाळ, दुपार, संध्याकाळ. ह्याच्या आईला चोरून."

"का?"

"वजन वाढावं म्हणून. नापास व्हावा म्हणून."

मी अप्पांकडे बघितलं. त्यांच्या डोक्यात काहीही चढलेलं नव्हतं. इतकं स्वच्छ मी त्यांना वर्षभरात बोलताना ऐकलं नव्हतं.

"पण वजन तर कमी झालंय," बाई कागद बघत म्हणाल्या.

"तेच की!" अप्पांचा आवाज चढला. "चाळीस वर्षं हा धंदा केला मी. बाळंतिणी उभ्या केल्या. ऐन कामाच्या वेळेला ह्या मालानं दगा दिला. एकशे ऐंशी नंबर चारलाय हो! त्याच्यावर दुसरा माल न्हाई."

जाड गृहस्थ पुढे झुकले. "साधारण किती खात होता रोज?"

"सर," बाई म्हणाल्या.

"नाही, माहितीसाठी."

"दोन-तीन मुठी. ह्याच्या मुठी."

"आणि तळलेले की भाजलेले?"

"सर," बाई परत म्हणाल्या. मग अप्पांना म्हणाल्या, "काजूंनी पोट भरल्यावर त्याने दुसरं काही खाल्लंच नसेल, म्हणून वजन उतरलं. पण ते जाऊ दे. तुम्हाला तो नापास का व्हायला हवा होता?"

अप्पांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. पोटामुळे मांडी फारशी उरलेली नव्हती. चष्मा घसरला, मी उचलून दिला.

"ऑपरेशनला हा एका खोलीत, मी शेजारच्या खोलीत," ते म्हणाले. "म्हणजे घरातली दोन्ही माणसं एका वेळी आत. ती बाहेर बाकावर. दार उघडलं की उभी राहणार, काय सांगतायत बघायला. मी एकटा गेलो तर तिला हा हाय. पण दोन्ही दारांतनं तेच सांगितलं तर ती घरी कुणाबरोबर जाणार?" ते थांबले. "आणि दुसरं. हे पोट आमच्या घराण्याचं हाय. माझ्या बापाचं मला आलं, माझं ह्याला गेलं. ह्याच्यामुळं मी असा झालो, डॉक्टर म्हणाले. पोट दिलं तेवढं बास झालं की. आता ह्याच्याकडनं वर आणि काय मागून घेऊ?"

कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. माझ्या छातीत कुठेतरी, लांब, शेजारच्या घरात भांडं पडावं तसं काहीतरी झालं. आणि परत शांत.

"म्हणून चारत होता ते," मी म्हणालो. "मला वाटलं, तुम्ही विसरताय."

"मी काय विसरत न्हाई," अप्पा म्हणाले. "प्रत्येक मूठ ध्यानात हाय माझ्या."

बाईंनी आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. रुग्णाची संमती नाही म्हणजे विषयच संपला होता.

बाकावर आई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. आमच्या चेहऱ्यांवरून तिला काही कळेना. माझ्या चेहऱ्यावरून तर कुणालाच काही कळत नसे.

"झालं?"

अप्पा भिंतीकडे बघत उभे राहिले.

"अप्पा नको म्हणाले," मी सांगितलं. "दोघं एकदम आत गेलो तर तू एकटी बाहेर बसशील म्हणून."

"मग?"

"मग तेवढंच. ते काजू पण त्याच्यासाठीच होते. मी जाड राहावं म्हणून."

आईने अप्पांकडे बघितलं. तीन महिने तिने स्वतःच्या मुठीनं काजू मोजले होते. ती ओरडेल असं मला वाटलं.

"तुम्ही दोघं आत काय करणार?" तिने विचारलं.

अप्पांना प्रश्न कळला नाही.

"झोपणार. शुद्ध तरी असणार हाय का तुम्हाला? बसायचंय कुणाला? मला. मग मला कुणी इचारलं?"

"सुमन, दोघं बी आलो न्हाई तर?"

आईने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडवले, परत गुंडाळले. बाजूने एक वॉर्डबॉय रिकामी खुर्ची ढकलत गेला.

"तर काय करायचं ते मी बघीन," ती म्हणाली. "ते माझं हाय, तुमचं न्हाई. पण तुम्ही रोज पिवळं पडत जाणार आणि हा धडधाकट पोरगा समोर बसून ते बघणार, असल्या घरात मी बसणार न्हाई. हितं बसते. हितं बसायला मला काय सुदिक होत न्हाई."

मग ती उठली, समितीचं दार न वाजवता उघडलं आणि म्हणाली, "ह्यांना परत इचारा."

बाई म्हणाल्या असं करता येत नाही. मग म्हणाल्या, या. कॅमेरा परत चालू झाला. या वेळी आई दारातच उभी राहिली, तिला बाहेर जायला सांगितलं तरी.

"तुम्हाला हे मान्य आहे का?"

अप्पांनी दाराकडे बघितलं. "हाय," ते म्हणाले.

"तुमच्यावर कुणाचा दबाव आहे?"

"हाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कुणाचा?"

"बायकोचा."

जाड गृहस्थ खोकल्यासारखं हसले. बाई थोडा वेळ आईकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांनी एकट्या अप्पांशी, दार लावून, पुष्कळ वेळ बोलून घेतलं. बाहेर आल्यावर अप्पा मला एवढंच म्हणाले, "लिहिलं त्यांनी, मान्य म्हणून."

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते दुसऱ्या दिवसापर्यंत चाललं. दोन्ही दारं उघडली आणि दोन्हीकडून बरं तेच सांगितलं. तेवढा वेळ आई बाकावर काय करत होती ते तिने आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. बहीण म्हणते, एकदाही उठली नाही.

अप्पा त्यानंतर दोन दिवाळ्या जगले. डोळे पांढरे झाले, पोट उतरलं, फॅक्टरीत जाऊन बायकांवर ओरडायला लागले. काजूविषयी आमच्यात परत बोलणं झालं नाही. मात्र पोरगी दाखवायची म्हणून कुणी काजूकणी न्यायला आलं, की अप्पा त्याला उलटं विचारायचे, "कशाला नेतोयस? त्यानं काय होत न्हाई." धंद्याला ते बरं नव्हतं.

मग एका पावसाळ्यात त्यांच्या छातीत कफ झाला. नवीन लिव्हर शरीरानं नाकारू नये म्हणून जी औषधं घ्यावी लागतात, त्यांनी माणसाची लढायची ताकद कमी होते. आठवडाभर ते दवाखान्यात होते. शेवटपर्यंत लिव्हर उत्तम चाललं होतं, असं डॉक्टरांनी मला मुद्दाम सांगितलं. मी थँक्यू म्हणालो.

अग्नी मी दिला. आमच्याकडे मुलगा देतो. आत थोडा मीही होतो. स्वतःला थोडासा अग्नी दिलेला दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही, आणि अप्पा असते तर या वाक्याला हसले असते. तिथे दुसरं कुणी हसलं नसतं, म्हणून मी बोललो नाही.

त्या वर्षीच्या तपासणीला आई माझ्याबरोबर आली. मी एकटा जातो म्हटलं तरी आली. डॉक्टरांनी माझ्या पोटावर थंडगार जेल लावलं आणि यंत्र फिरवलं.

"झकास," ते म्हणाले. "पूर्ण भरून आलंय. बघितलं तर सांगता येणार नाही, की कधी काही काढलं होतं."

"कुठलं काढलं होतं?" आईने विचारलं.

डॉक्टरांनी यंत्र जरा उजवीकडे सरकवून पडद्यावर एका करड्या भागाभोवती बोट फिरवलं. "हा सगळा भाग. हा नव्याने वाढलेला आहे."

आई खुर्चीतून उठली आणि पडद्याजवळ गेली.

"मावशी, स्क्रीनला हात लावू नका," डॉक्टर म्हणाले.

आईने लावला. पूर्ण तळवा ठेवला, ताप बघतात तसा, आणि तशीच उभी राहिली. मी पालथा हात करून डोळे पुसले. जेल हाताला लागलेलं होतं, ते डोळ्यात गेलं. डॉक्टर म्हणाले, हालू नका.